अर्जाला जोडलेला सातबारा

“दिसाया तर चांगल्या घरातली दिसती.”

माझ्या मागे उभी असलेली बाई शेजारणीला म्हणाली. हळू नाही. मला ऐकू जाईल इतपत.

मिरजेत, दवाखान्यांच्या रस्त्यावरचं औषधांचं मोठं दुकान. सकाळचे अकरा. काउंटरवर गर्दी. दुकानदारानं माझी चिठ्ठी उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली.

“विजया तेल. विजया म्हंजे काय, म्हायत हाय का? भांग. गांजा. गांजा मागाया आलीय ही.”

मी एक शब्दही बोलले नव्हते. मुद्दामच. तो शब्द उच्चारावा लागू नये म्हणून चिठ्ठीची घडी घालून ती त्याच्या हातात दिली होती.

मी घाबरले की माझ्या तोंडून इंग्रजी निघतं. लहानपणापासूनचं आहे. माझ्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी आहे, हे औषध चिठ्ठीवर देता येतं, असं मी इंग्रजीत म्हणाले. पुटपुटलेच.

“इंग्रजीत मागितला म्हणून गांजाची तुळस हुती व्हय?”

दुकान हसलं. मागची बाईही हसली. तिच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट होतं. तीही कुणाच्या तरी दुखण्यासाठीच तिथं उभी होती. तरी हसली.

त्यानं चिठ्ठी बोटाच्या टोकानं माझ्याकडे सरकवली. “परवानगीचा कागद आणा. शिक्क्याचा. मग बघू.”

कसली परवानगी, कुणाची, हे त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. चिठ्ठी उचलली, बाहेर आले. मी अशीच आहे. कुणी धक्का मारला तर सॉरी मी म्हणते.

चिठ्ठी माझ्या वडिलांची. पप्पा फौजेत हवालदार होते. आमच्या कराडच्या बाजूला निवृत्त होऊन आलेल्या कुठल्याही फौजीला गाव मेजरच म्हणतं, तसं त्यांनाही म्हणतं. त्यांची बदली होईल तिथल्या फौजी शाळेत मी शिकले. सगळं इंग्रजीत. गावात परत आलो तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मला सातबारा म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मणक्यात गाठ सापडली. मिरजेलाच ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि पायही गेले. गेले असं आपण म्हणतो. खरंच गेले असते तर बरं. ते आहेत, आणि आखडतात. बसल्याबसल्या लाकडासारखे ताठ होतात, थरथरतात, पायाखालचा पाट उडवून लावतात. कमरेपासून खाली चालणं नाही, पण आग आहे. गोळ्या झाल्या. गोळ्यांनी पप्पा दिवसभर झोपायचे, आणि झोपेतही कण्हायचे.

मग आयुर्वेदाच्या एका डॉक्टर बाईंनी हे तेल दिलं. त्यांनी काही लपवलं नाही. “भांगेचंच झाड आहे. पानांपासून काढतात. खात्री देत नाही. करून बघू.” पहिली बाटली त्यांच्याकडचीच होती. थेंब मोजून घ्यायचे.

बाराव्या दिवशी पप्पांनी स्वतः दाढी केली.

हे वाचून कुणाला काही वाटणार नाही. पण फौजी माणूस रोज दाढी करतो. आजारात आई करायची, आणि मध्येच पाय आखडला की अंगाला हिसका बसून ब्लेड लागायचं. त्या दिवशी त्यांनी आरसा मागितला, पाणी मागितलं आणि पाच मिनिटांत सगळी दाढी केली. कापलं नाही. खांद्यावर त्यांचा तो जुना हिरवा टॉवेल होता. आई स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसली.

बाटली संपली. दुसरी आली नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, कंपनी आता या भागात पाठवत नाही, पार्सल वाटेत अडकतं, चौकशा होतात. दुकानातून बघा. चिठ्ठीवर द्यायला कायद्याची हरकत नाही. मी मिरजेतली चार दुकानं बघितली. हसलं एकच दुकान. बाकीच्यांनी नुसती मान हलवली.

आमच्या भागात गांजा म्हटलं की कुणाला औषध आठवत नाही. ऊस आठवतो. दाट उसाच्या मधल्या सरीत कुणीतरी झाडं लावतं, पोलिस येतात, उपटलेल्या झाडांच्या ढिगामागे त्या माणसाला उभं करून फोटो काढतात. तो फोटो प्रत्येकाच्या फोनवर फिरतो.

चुलतभाऊ म्हणाला, “मेजरकाका, कशाला त्या पोरीला मिरजंला पळीवताय? एक फोन करतो. सांजच्याला पुडी घरात.”

पप्पा म्हणाले, “चोरून न्हाई. रीतसर मिळत आसंल तर घेतो.” मग माझ्याकडे बघून, “अर्ज कर.”

मराठीत अर्ज मी कधी लिहिला नव्हता. त्यांनी पडल्यापडल्या सांगितला, मी लिहिला. विषय, संदर्भ, महोदय. मध्ये तीनदा पाय आखडले. ते थांबायचे, डोळे मिटायचे, कळ ओसरली की पुढचा शब्द सांगायचे. “अर्ज पुरा पायजे. अपुरा अर्ज म्हंजे परत येणारा अर्ज.” ऑपरेशनचे कागद, चिठ्ठी, आधार, फौजेच्या कागदांची नक्कल. आणि पत्त्याचा पुरावा म्हणून सातबारा.

“सातबाऱ्यावर नाव हाय, गट नंबर हाय. ह्याच्यापेक्षा पक्का पत्ता कुठला?”

वरच्या कागदावर गांजा. खालच्या कागदावर आमच्या उसाचा गट नंबर. दोन्हींना पिन मीच मारली. मला काही दिसलं नाही. शाळेत मला पत्रलेखनात पैकीच्या पैकी मार्क असायचे.

अर्ज साताऱ्याला, जिल्ह्याच्या ऑफिसात दिला. पोहोच घेतली. पप्पांनी ती उशाखाली ठेवली.

दहाव्या दिवशी उत्तर आलं. पत्र नाही. जीप.

चौघे जण होते. घरी थांबले नाहीत, सरळ रानात गेले. आमचं रान घरालाच लागून आहे. ऊस डोक्याच्या वर गेलेला. ते आत शिरले आणि मग फक्त पाचट मोडल्याचा आवाज. बांधावर गाव जमलं. आईनं पप्पांना खुर्चीवर बसवून अंगणात आणलं. त्यांनीच सांगितलं होतं, आण म्हणून.

“मेजर, काय पेरलंय यंदा?” बांधावरून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

तो आवाज मी ओळखला.

पप्पा पीत नाहीत. फौजेतही प्यायले नाहीत. पण निवृत्त फौजीला कॅन्टीनच्या कार्डावर दर महिन्याला रमच्या बाटल्या मिळतात, आणि मेजर पीत नाहीत हे गावाला ठाऊक. ते धडधाकट होते तोवर महिना लागला की आमच्या अंगणात मोटारसायकली थांबायच्या. “मेजर, पावणं यायचं हायती. बघा की काय जमतंय का.” पप्पा द्यायचे. नाही म्हणणं त्यांना जमत नाही. एवढी एकच गोष्ट त्यांनी कधी नियमाला धरून बघितली नाही. बांधावरून ओरडणारा माणूस दर महिन्याला येणाऱ्यांतला. त्या बाटलीसाठी पप्पांना कधी अर्ज करावा लागला नाही. कार्ड दाखवलं की झालं.

पोलिस बाहेर आले. काही नव्हतंच. त्यातला वयानं मोठा पप्पांजवळ आला. वाईट नव्हता तो. टोपी काढून म्हणाला, “काका, अर्ज तुमीच दिलाय. गट नंबर तुमीच लिवलाय. आमाला यावं लागतं.”

“बरोबर हाय तुमचं,” पप्पा म्हणाले. “ड्युटी हाय. च्या घेऊन जावा.”

तेवढ्यात त्यांचा उजवा पाय ताठ झाला, चप्पल उडून लांब पडली. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला आणि पाठ सरळ ठेवायला बघितलं. सगळ्या गावासमोर. मी चप्पल उचलून आणली. त्याखेरीज मी त्या दिवशी काहीही केलं नाही.

“काही सापडलं नाही” असा कागद मागावा हे मला सुचलं नाही. त्यांनी दिलाही नाही. त्यामुळे गावाला लक्षात राहिलं ते एवढंच, की मेजरच्या उसात पोलिस शिरले. मी कराडला एका शाळेत इंग्रजी शिकवते. त्या आठवड्यात शाळेतून फोन आला, काही दिवस घरीच थांबा, पालक विचारतायत. मी बरं म्हणाले.

मग ऑफिसं. साताऱ्यात विचारलं, औषध कुठल्या दुकानातून घेणार? मिरजेच्या. “म्हंजे सांगली जिल्हा. तिकडं जावा.” सांगलीत विचारलं, पेशंट कुठला? “सातारा जिल्ह्यातला? मग हितं कशाला आलाय?” दोन महिने. कधी एसटीनं, कधी रेल्वेनं, मांडीवर तीच फाईल. मी दारात उभी राहायची, कुणी वर बघेपर्यंत थांबायची. कुणी शिवी दिली नाही. कुणी लिहूनही दिलं नाही. ‘नाही’ सगळे तोंडानंच सांगायचे. तोंडी नाहीचं काही करता येत नाही. ते फाईलला लावता येत नाही.

पप्पांची दाढी वाढली. आईला करू देईनात. “ऱ्हाऊ दे,” म्हणायचे.

साताऱ्याच्या टेबलावरच्या साहेबांनी पाचव्या खेपेला फाईल पहिल्यांदा उघडली. फौजेचा कागद दिसला तसे खुलले.

“वडील फौजी? मग कोटा आसंल की.”

कोटा म्हणजे कार्डावरची रम.

“पुढच्या वेळंला येताना दोन घेऊन या, ताई. वडिलांची आठवण म्हणून. तुमचा कागद वर सरकवतो.”

बोलताना ते हसत होते. भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागावी तसं.

हे घरी सांगायला नको होतं. मी आईला सांगितलं, स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात. आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत.

सकाळी पप्पांनी हाक मारली. “कपाटात दोन हायत. आजाराच्या आधीच्या. ने.”

मी नाही म्हणाले.

“माझ्या कार्डावरच्या हायत,” ते म्हणाले. “चोरीच्या न्हाईत.”

माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. भिंतीकडे बघून म्हणाले. माझ्या चुलतभावाची पुडी ज्यांनी नाकारली, तेच हे पप्पा. त्यांचा पाय चादरीखाली थरथरत होता आणि ते भिंतीकडे बघत होते.

मी बाटल्या घेतल्या. इथं मी खोटं लिहिणार नाही. घेतल्या, त्यांच्याच हिरव्या टॉवेलात गुंडाळल्या, बॅगेत ठेवल्या. दाढीचा टॉवेल. दोन महिने तो खुंटीवरच होता. एसटीत प्रत्येक गतिरोधकाला त्या एकमेकींवर आपटत होत्या. शेजारच्या माणसानं बॅगेकडे बघितलं. मी माझी ओढणी काढून दोन बाटल्यांच्या मध्ये कोंबली आणि साताऱ्यापर्यंत बॅग पोटाशी धरून बसले. चोरासारखी. पप्पांना आयुष्यभर जे करायचं नव्हतं ते करायला त्यांनी मला पाठवलं होतं, आणि मी चालले होते.

ऑफिसच्या दारात पोहोचले तेव्हा साहेब शेजारच्या टेबलाला म्हणत होते, “आली बघ गांजावाली. बॅग जड दिसती आज.”

मग मोठ्यानं, “या, या ताई. ठेवा हितं, टेबलाखाली.”

त्यांनी खुर्ची मागे सरकवून पायाशी जागाही केली.

मी वाकले. बॅगेची चेन उघडली. हाताला काच लागली नाही. टॉवेल लागला. धुऊन धुऊन पातळ झालेला, साबणाचा वास अजून असलेला. माझा हात तिथंच थांबला. हे ह्यांच्या टेबलाखाली ठेवून मी घरी जाणार, आणि पप्पा विचारणार, घेतल्या का? मी हो म्हणणार. मग पप्पा पुन्हा कधी आरसा मागतील, असं मला वाटेना. तेल मिळालं तरी.

मी चेन लावली. फाईलमधून कोरा कागद काढला. साहेबांच्या समोर ठेवला, वर माझं पेन ठेवलं. बाहेरच्या बाकावर सात-आठ माणसं बसली होती. दार उघडं होतं. मी ते लावलं नाही.

बोलून औषध मिळणार नाही, हे मला माहीत होतं. कदाचित आता कधीच मिळणार नाही, हेही. इंग्रजी तोंडात येत होतं. मी ते गिळलं.

“माझ्या वडिलांना गांजाच्या पानांचं औषध पाहिजे,” मी म्हणाले. बाकावरची माणसं वळली. “गांजा. तुम्ही म्हणता तोच. डॉक्टरांची चिठ्ठी आहे, अर्ज आहे, आमचं रान तुडवून झालंय. तुम्ही मागितलेल्या दोन बाटल्या ह्या बॅगेत आहेत, त्या मी परत नेणार आहे. औषध द्यायचं नसेल तर ह्या कागदावर ‘नाही’ असं लिहा. का नाही, तेही लिहा. खाली तुमचं नाव, आजची तारीख, सही. आज नाही लिहिलंत तर मी उद्या येईन, आणि हेच बोलेन, ह्याच आवाजात.”