विलासची कासवं

माझ्या नवऱ्याने अख्खी नोकरी यंत्रांना एकमेकांशी बोलायला शिकवण्यात घालवली. घरी फोन करायचं मात्र विसरायचा.

आज विलासला जाऊन वर्ष झालं.

तो रोबोटिक्समधला इंजिनिअर. चाकांवर फिरणारे छोटे रोबोट बनवायचा. दरड कोसळली की मोबाईलचा टॉवर आधी जातो आणि माणसं आत अडकलेली असतात. तेव्हा एक रोबोट आत जाईल, दुसरा वाटेत थांबेल, तिसरा बाहेर, आणि वायरलेसवरून आतल्या माणसाचा आवाज बाहेर येईल. हे त्याचं संशोधन.

पेपर छापून आले. कॉन्फरन्स झाल्या. खऱ्या दरडीपर्यंत रोबोट काही पोचला नाही.

फंडिंग संपायचं, प्रोजेक्ट बंद पडायचा, की हा पठ्ठ्या नव्या शहरात नवा प्रोजेक्ट धरायचा. मी कणकवलीत कॉलेजात शिकवत होते. माझी नोकरी पक्की, म्हणून घर मी धरून बसले.

"रिटायर होवंदे गो, मगे आपण दोघांच," तो म्हणायचा.

मी खरंच त्या दिवसाची वाट बघत होते. इतक्या वर्षांच्या लग्नात आम्ही एका घरात सलग असे राहिलोच नव्हतो.

रिटायर झाला. तोवर मीही झाले होते. आम्ही समुद्राकाठी तोंडवलीला, त्याच्या गावच्या घरी राहायला आलो.

आणि दुसऱ्याच सकाळी साहेब तीन रोबोट पिशवीत घालून किनाऱ्यावर! म्हणे, वाळूत चाकांची टेस्ट चांगली होते.

मी डोक्याला हात लावला. सवत परवडली असती, तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

रापणवाले त्या रोबोटांना कासवं म्हणायला लागले. रापणीचं जाळं किनाऱ्यावरून ओढतात. दोन दोर, दोन टोकांना माणसं, आणि मध्ये एवढं अंतर की वाऱ्यात हाक पोचत नाही. दोर ओढणाऱ्या हातात मोबाईल कसा धरणार? विलासने दोन टोकांना एकेक कासव ठेवलं, एक मध्ये. इकडचं बोलणं तिकडे ऐकू यायला लागलं.

जाळं ओढून झाल्यावर रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, भिकाजी यांनी मासळीचे वाटे घातले. दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला एक. शेवटी एक वाटा जास्तीचा.

"ह्यो कासवांचो. काम केल्यानी मा?"

विलास बांगडे घेऊन घरी आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

"गो, पयल्यांदाच माझ्या मशनीन कायतरी कमावल्यान."

दुसऱ्या दिवशी मला ओढतच किनाऱ्यावर घेऊन गेला. रापण नव्हती. मला एका टोकाला उभं केलं आणि स्वतः बाकीची कासवं घेऊन चालत पार दुसऱ्या टोकाला गेला. मग माझ्या पायाजवळच्या कासवातून त्याचा आवाज आला.

काय काय बोलला! बंद पडलेल्या प्रोजेक्टांचं, परक्या शहरात खोलीवर एकट्याने जेवायचं, माझी आठवण यायची ते. सगळ्या संसारात एवढा बोलला नव्हता.

"अरे, हय येवन बोल मा!" मी ओरडले.

"थांब गो, रेंज बघतंय."

त्याच आठवड्यात त्याच्या छातीत दुखायला लागलं. कणकवलीच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मला त्याचा राग आला. अजून येतो. आत्ता कुठे बोलायला लागला होता.

वर्षभर कासवं खोक्यात होती. आज सकाळी ती किनाऱ्यावर नेली. सुरू करायला त्यानेच शिकवलं होतं. पण दुसऱ्या टोकाला कोण उभं राहणार, हे घरातून निघताना मला सुचलंच नाही.

भिकाजी तिथे होते. म्हणाले, "वैनी, मी उभो ऱ्हवतंय."

ते बाकीची दोन कासवं घेऊन चालत लांब गेले. थोड्या वेळाने कासवातून आवाज आला, अगदी स्पष्ट.

"वैनी, आयकाक येता?"

"येता," मी म्हटलं.

मग ते परत चालत यायला लागले.

विलास, खूप एकटं वाटतं रे.

तुला माझा नमस्कार.