उपासाला चालणारं

१९९४ साल. मला अडुसष्टावं चालू होतं. डावा डोळा पूर्वीच गेलेला आणि उजव्यात मोतीबिंदू. कानडी मुलखात, बसवनगुडीत माझं शिंप्याचं दुकान होतं. सुईत दोरा ओवायला मी दुकानाबाहेर उन्हात येऊन उभा राहायचो. दहादा चुकायचा, पण कुणाकडून ओवून घेतला नाही.

मुलगा बोम्मसंद्र्याला कारखान्यात. श्रावणात तो म्हणाला, "अण्णा, दसऱ्यापर्यंत डोळ्याचं ऑपरेशन झालं नाही तर दुकान भाड्याने देऊ. एसटीडी फोनवाला विचारतोय." त्याचं चुकत नव्हतं. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या शर्टाला मी दोन काजं वाकडी केली होती. तो बिचारा काही न बोलता घेऊन गेला, तेच जास्त लागलं.

जयनगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, साखर फार आहे, जखम भरणार नाही, साखर उतरल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही. भात, चपाती, नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, सगळं बंद. महिन्याने या.

"आणखी काही विचारायचंय?"

"काही नाही," मी म्हटलं. मी तिसरीपर्यंत शिकलेला. शिकलेल्या माणसापुढे प्रश्न विचारायची मला सवय नव्हती.

धान्य बंद म्हणजे उपासच की. चाळीस वर्षं एकादशी धरली, मला त्याचं काय अवघड? सुनेला सांगितलं, उद्यापासून मला साबुदाणा.

ती म्हणाली, "अण्णा, साबुदाणा चालतो का, एकदा फोन करून विचारू या?"

"साबुदाणा धान्य आहे?"

"नाही, पण..."

"देवाला चालतो तो डॉक्टरला चालत नाही होय? आता तू मला उपास शिकव."

"मी कशाला शिकवू? तुमची साखर, तुमचा साबुदाणा," म्हणाली आणि भिजत घातला.

सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वऱ्याचे तांदूळ, संध्याकाळी उकडलेलं रताळं, वर एखादं केळं. पहिले आठ दिवस बरे गेले. मग घरच्या सारभाताचा वास आला की मी उठून बाहेर जाऊ लागलो. शेजारचा हॉटेलवाला हाक मारायचा, "अण्णा, स्वल्प उप्पीट?" मी मान हलवायचो. तोंड सारखं कोरडं. मशीनच्या पायट्यावर पाय नुसते ठेवलेले, हलवायचं जिवावर यायचं. मनात म्हणायचो, एवढा थकवा येतोय म्हणजे साखर उतरतच असणार. त्या थकव्याचाही मला अभिमान वाटायचा.

महिन्याने सून बरोबर आली. साखर पहिल्यापेक्षा वाढलेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाता? मी ताठ बसून सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अज्जा, हे सगळं पोटात जाऊन साखरच होतं. याच्यापेक्षा भात खाल्ला असता तर बरं. कुणी सांगितलं हे खायला?"

सून म्हणाली, "आमच्यात उपासाला चालतं, मॅडम. मीच करून देते."

"दसऱ्याआधी ऑपरेशन होईल?" मी विचारलं.

"ते मला विचारू नका, साखरेला विचारा. महिनाभर नीट खा, मग बघू."

दसऱ्याला महिनाच उरला होता. परत येताना बसमध्ये मी सुनेला म्हटलं, "स्वतःवर कशाला घेतलंस?"

"घेतलं कुठे? भिजवत मीच होते ना." ती खिडकीबाहेर बघत होती. तीही दमलेली दिसली. महिनाभर दोन चुली सांभाळल्यासारखं तिने घरात दोन-दोन स्वयंपाक केले होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

संध्याकाळी मुलाने विचारलं, "मग एसटीडीवाल्याला काय सांगू?"

"दसऱ्यापर्यंत थांब म्हणावं."

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला. आवाजात विश्वास नव्हता. माझ्याही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि सुनेला विचारलं, "आज काय खाऊ?" तिने घेवड्याची भाजी आणि वाटीभर ताक पुढे ठेवलं. मी खाल्लं. मग खिशातला सुया टोचलेला चिंधीचा तुकडा काढून तिच्यापुढे ठेवला. तिने एकेक करून सहा सुयांत दोरे ओवून दिले, आणि मी दुकान उघडायला गेलो.