सकाळी अकरा वाजताचा रॉक

उरणजवळ द्रोणागिरीच्या गोदामातल्या आमच्या ऑफिसात बाकीच्यांच्या टेबलांवर देव आहेत, मुलांचे फोटो आहेत. माझ्या टेबलावर गिटार गळ्यात अडकवलेला एक माणूस आहे. नवीन आलेल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, हा तो गर्दुल्ला ना?"

"होता," मी म्हटलं. "आणि फोटो तेव्हाही इथेच होता."

कॉलेजात असताना मैत्रिणीने त्याची कॅसेट दिली होती. रॉक म्हणजे इंग्रजीच, असं मला तोवर वाटायचं. हा मात्र पनवेलच्या बाजारात भांडताना बोलतात तसल्या मराठीत ओरडत होता. ती कॅसेट मी वाजवून वाजवून झिजवली.

मग त्याची ती वर्षं आली. आधी दारू, मग पावडर. एकदा वाशीच्या मैदानात तो तासभर उशिरा स्टेजवर आला. शब्द विसरला, माइकच्या स्टँडला धरून हसत राहिला. पुढच्या गर्दीतून कुणीतरी बाटली वर दिली. त्याने ती तोंडाला लावली आणि मैदान नुसतं पेटलं. मीही दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. दोन गाण्यांनंतर तो स्पीकरच्या खोक्यावर बसला तो उठलाच नाही. ड्रमरने काखेत हात घालून त्याला आत नेलं. लोकांनी ते सगळं मोबाइलवर घेतलं, महिनोन्‌महिने एकमेकांना पाठवलं.

त्यानंतर तो दिसेनासा झाला. मेला, असंही कुणी म्हणायचं. खरं तर तो व्यसनमुक्ती केंद्रात होता. दोनदा बाहेर येऊन पुन्हा घसरला, तिसऱ्यांदा टिकला. हात इतके थरथरायचे की गिटार पहिल्यापासून शिकावी लागली, असं त्याने पुढे एका मुलाखतीत सांगितलं.

गेल्या वर्षी पनवेलच्या एसटी स्टँडजवळ त्याचं पोस्टर दिसलं. एक मंगल कार्यालय, रविवार, सकाळी अकरा.

"अकराला रॉक?" नवरा म्हणाला. "मुंज आहे का कुणाची?" पण आला माझ्याबरोबर.

शंभर माणसंही नव्हती. तो बरोबर अकराला आला. स्टुलावर बसला, चष्मा लावला, स्टीलच्या बाटलीतून पाणी प्यायला. नवी गाणी म्हटली. वॉर्डातल्या फिनेलच्या वासावर एक होतं. कपाटाची किल्ली लपवणाऱ्या आईवर एक होतं. आवाज खाली उतरलाय, वरचा सूर लागत नाही. पण शब्द एकही चुकला नाही.

मागून एक गृहस्थ ओरडले, "ते दारूचं म्हणा!" ते त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं.

"ते मी आता म्हणत नाही," तो शांतपणे म्हणाला.

"मग आलास कशाला? प्यायचास तेव्हा भारी गायचास!"

काही जण हसले. मी उठून मागे वळले. "तेव्हा हा माणूस मरत होता आणि आपण टाळ्या वाजवत होतो. मीपण होते त्यात. तुम्हाला तोच हवा असेल तर घरी जाऊन व्हिडिओ बघा. इथे जिवंत माणूस गातोय."

नवरा ओढणी धरून खाली ओढत होता. मी बसले नाही. ते गृहस्थ पुटपुटत निघून गेले, तेव्हाच मी बसले.

नंतर चहाच्या टेबलाशी मी त्याला गाठलं. "वाशीला तुम्हाला बाटली दिली, तेव्हा मी शिट्टी मारली होती. माफ करा."

त्याने कप खाली ठेवला. "ताई, तो दिवस मला आठवतच नाही. पण बाटली तोंडाला मी लावली होती. ते तुमच्यावर कशाला घेता?" मग हसून म्हणाला, "आज मात्र तुम्ही जोरात ओरडलात."

त्याच्या बोलण्याने माझी शिट्टी पुसली गेली नाही. ती मी मारली, ती माझीच. पण त्याची आग नशेत होती, आता विझली, असं कुणी म्हणालं की मी गप्प बसत नाही. पावडरीने गाणी सुचत असती तर स्टेशनबाहेर पडलेला प्रत्येक जण कवी झाला असता. गाणी त्याची होती. नशेने त्याच्याकडून दहा-बारा वर्षांची गाणी हिसकावून नेली, दिलं काहीच नाही. आणि वरचा सूर गेला म्हणून हळहळणाऱ्यांना मी सरळ विचारते: तो माणूसच गेला असता तर चाललं असतं का तुम्हाला?