ताईचा नाच

परवा मुलानं माझ्या लग्नाची कॅसेट मोबाइलवर उतरवून आणली. तलमडुगु गावातलं आमचं अंगण दिसलं, हळदीचा मांडव दिसला आणि माझी थोरली बहीण नाचताना दिसली.

चारचौघांत कधी न नाचलेली ताई त्या दुपारी डफडं वाजताच पुढं आली होती. सारवलेल्या अंगणात तिची अनवाणी पावलं पडायची, तसा वाजवणाऱ्यांना जोर चढायचा.

भैंशाच्या व्हिडिओवाल्यानं मात्र तिचा चेहराच जवळून घेतला. नंतर चित्रावर गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या, डफड्याच्या जागी तेलुगू सिनेमाचं गाणं घातलं.

"काऊन वं, माहे पाय कुठं गेले?" कॅसेट पाहताना ताईनं विचारलं होतं.

"पण हिरोईन दिसून राह्यली ना तू!" मी म्हणाले होते. तेव्हा मला त्या पाकळ्याच आवडल्या होत्या.

ताई जाऊन आता बरीच वर्षं झाली. पाकळ्यांमागं ती हसते, गिरकी घ्यायला वळते, आणि एकदम जेवणाची पंगत येते.

"मावशी पुढं कशी नाचली?" मुलानं विचारलं.

सांगून कळण्यासारखं नव्हतं. मी उठले, चपला काढल्या. त्यानं व्हिडिओ घ्यायला मोबाइल माझ्या तोंडाजवळ आणला.

"मागं सर, बाबू," मी म्हणाले. "अख्खी येऊ दे."