टिकल्यांचा तक्ता

आणे पठारावर मेंढपाळांच्या आणि इतर गरीब घरांतल्या मुलांसाठी आम्ही गणिताचा वर्ग चालवायचो. खोली ग्रामपंचायतीची. वर्षाअखेर सरासरी गुण निम्म्यावर आले आणि खोली काढून घ्यायची भाषा सुरू झाली. मी संतापून पत्रक लिहिलं : गणित कुणाच्या बापाची जहागीर नाही. लहानपणी चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसूनच मी अक्षरं शिकलेलो, दुसरं काही सुचत नव्हतं. वर्ग घेणाऱ्या ताईंनी ते वाचलं. "झकास आहे. पण पोरं शिकली का, असं विचारलं तर काय दाखवणार?"

म्हणून आम्ही पुठ्ठ्यावर तक्ता केला. तीन परीक्षांचे तीन उभे पट्टे, एका मुलाची एक टिकली. जितके गुण जास्त तितकी टिकली वर.

बैठकीत तो भिंतीवर लावला. दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यात तळाला टिकल्यांची रांगच होती.

"ही खाली बसलेली पोरं कुणाची?" पंचायतीच्या सरपंचांनी विचारलं.

"मेंढरामागं जाणाऱ्या घरांतली," ताई म्हणाल्या.

"मंग शिकवून काय उपेग झाला, राव?"

गेल्याच आठवड्यात मेंढरांसह कोकणातून परतलेली एक आई उठून तक्त्यापाशी आली. "यातली माझी पोरगी कंची?"

मी तळाची टिकली दाखवली.

"ह्यो पेपर कवाचा?"

"संक्रांतीनंतरचा."

"तवा आमी माळशेज घाटाच्या खाली, कोकणात व्हतो. तिनं पेपर बघितलाबी न्हाई. शून्य कुणी घातलं, भाऊ?"

गुणांच्या याद्या मीच भरल्या होत्या. गैरहजर मुलांचा रकाना मोकळा ठेवायचा, तिथे मी शून्य लिहीत गेलो होतो. तसं सगळ्यांसमोर सांगितलं.

ताईंनी नखाने त्या टिकल्या उचलल्या. उरलेल्या टिकल्या दर पट्ट्यागणिक वर चढत गेलेल्या दिसत होत्या.

"आता बरं दिसतंय," सरपंच म्हणाले.

"नाही. ही मुलं आता तक्त्यावरच नाहीत." मी म्हणालो आणि मोकळ्या जागी त्यांच्यासाठी पेन्सिलीने रिकामे गोल काढले.

"मंग घ्या की परीक्षा. दिवाळीपातूर हितंच हाय आमी," ती आई म्हणाली. "मेंढरं मोजायला पोरगीच लागती. तिच्या बापाचं लई चुकतं."

सगळे हसले, सरपंचही. "खोली राहू द्या," ते म्हणाले.

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. कित्येक दिवसांनी छाती मोकळी झाली. मग आत जाऊन त्या आईला विचारलं, परीक्षा कोणत्या वारी ठेवू.

"बाजाराचा दिस सोडून कवाबी."