म्हणे, कंपनी गोठ्यात सुरू झाली

लोकांचे पैसे शेअर बाजारात गुंतवून सांभाळणारी एक मोठी कंपनी आहे. तिचं नाव मी लिहिणार नाही. तिने आपल्या इतिहासाची फिल्म काढलीय आणि त्यात सांगितलंय, आम्ही घोटावड्यातल्या एका गोठ्यात सुरू झालो. साफ खोटं. ती घोटावड्यातच, पण माझ्या घरात सुरू झाली, आणि माझ्या घरात माणसं राहतात.

हिंजवडीत नोकरी करणारी दोन पोरं, एक लातूरचा, एक विदर्भातला. नोकरी सोडून कंपनी काढतो म्हणाली. मी त्यांना रस्त्याकडची खोली भाड्याने दिली. शहाबादी फरशी, दोन खिडक्या, गिलावा मी उभं राहून करून घेतलेला. टेबल मांडलं तेव्हा नारळ वाढवायला मलाच बोलावलं. पुढे कंपनी हिंजवडीत गेली, तिथून मुंबईला. शाळा मला फारशी नाही, पण एवढा इतिहास मला येतो.

गेल्या साली फिल्मवाले आले. घर बाहेरून टिपलं, खोली बघून मात्र तोंडं पाडली. फारच चांगली आहे म्हणाले. मग टेम्पोतून पेंढा उतरवला आणि शेजारची गाय तासभर मिळेल का विचारू लागले. मी दारात आडवा उभा राहिलो. लातूरचा पोरगा, आता मोठा साहेब, मोटारीतून उतरून पाया पडला.

"काका, गरिबीतून वर आलेली गोष्ट लोकांना आवडते."

"गरिबी तुजी आसल. खोली माजी हाय. पेंढा उचल."

उचलला. मग जवळच्या चांदे गावात कुणाचा तरी गोठा गाठला. फिल्ममध्ये बाहेरून माझं घर, आतून तो गोठा.

ती मोबाइलवर जावयाने पाहिली. आमच्यात दिवाळसणाला जावयाला घरातली उत्तम खोली देतात. त्याच्या पहिल्या सणाला पोरं खोलीला कुलूप लावून गावी गेली होती. खोली कंपनीला दिलीय सांगून मी त्याला ओट्यावर निजवलं. त्याने ते पोटात ठेवलं होतं. आता फोन केला.

"मामा, पोरं गोठ्यात व्हती, तर खोली कुणासाठी राखली व्हती?"

मी साहेबाला फोन लावला. फिल्म सगळीकडे गेलीय, आता बदलता येत नाही म्हणाला.

"मंग हितं ये, आन् माज्या जावयाला तुज्या तोंडानं सांग."

बघतो म्हणाला. या दिवाळीला लेक एकटीच आली.