यू मावशी आणि रिव्हर्स येणारी गाडी

यू मावशींनी पाठवलेला पहिला बदल मी दोन ओळींत नाकारला होता, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं.

आमच्या डोंगराळ जीलुंग शहरात कचरा रस्त्यावर ठेवून चालत नाही. गाडी धून वाजवत येते, आपण पिशवी घेऊन खाली उभं राहायचं आणि स्वतःच्या हाताने आत टाकायची. गाडी आत्ता कुठे आहे आणि आपल्या कोपऱ्यावर किती मिनिटांत येईल, हे फोनवर दाखवणारा प्रोग्राम आम्ही वीस-बावीस जणांनी फावल्या वेळात लिहिला आहे. त्याचा कोड सगळ्यांना खुला. कोणीही बदल सुचवावा, आमच्यातल्या दोघांनी तो तपासावा, दोघांचा होकार आला तरच तो आत घ्यायचा. तिथे कोणाचं वय किंवा ओळख बघायची पद्धत नाही, आणि या शिस्तीचा सगळ्यात जास्त टेंभा मीच मिरवायचो.

यू लीछिंग मावशी बासष्ट वर्षांच्या. एकतीस वर्षं बस डेपोत त्यांनी ड्रायव्हरांच्या पाळ्या लावल्या. कोणता ड्रायव्हर घाटात गाडी रिव्हर्स घेताना घाबरतो, हे त्यांना अजून पाठ आहे. निवृत्त झाल्यावर त्या प्रौढांच्या कॉलेजात प्रोग्रामिंग शिकल्या. वर्गात बाकीच्यांना फोनवरून फोटो पाठवायला शिकायचं होतं. ही बाई विचारायची, नकाशावरचा ठिपका हलतो तो कोणाच्या सांगण्यावरून?

आता माझ्या नियमाबद्दल. आमच्याकडे डोंगरामुळे जीपीएस उड्या मारतो. म्हणून मी प्रोग्रामला सांगून ठेवलं होतं की गाडी मागे जाताना दिसली तर तो ठिपका खोटा समज आणि सोडून दे. मला या नियमाचा फार अभिमान होता. मावशींनी तो सरळ काढून टाकला आणि खाली लिहिलं, "गाड्या मागेही जातात."

मी लिहिलं, "याने अख्ख्या शहराचे अंदाज कोलमडतील. नाकारत आहे."

तासाभरात उत्तर आलं. "फांग साहेब, तुम्ही स्वतः शेवटचा कचरा कधी टाकलात?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, कारण उत्तर अडचणीचं होतं. मी नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहतो. आमच्या तळघरात कचऱ्याची खोली आहे, पिशवी तिथे ठेवली की काम झालं. कचरागाडीचा प्रोग्राम लिहिणारा हा माणूस सहा वर्षांत एकदाही कचरागाडीपुढे उभा राहिला नव्हता. ही गोष्ट मी गटात कोणाला सांगितलेली नव्हती.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"रोज उभा राहणारा माणूस असला नियम लिहिणारच नाही. मंगळवारी सहाला या. जेवून येऊ नका, माशाच्या गोळ्यांचं सूप करणार आहे."

मी गेलो. चढावरची अरुंद गल्ली, पुढे रस्ता बंद. मावशींच्या घरासमोरच्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर को काका राहतात. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले, एकटे. सूप वाढता वाढता मावशींनी सगळं सांगितलं. गाडी चुकली की काकांची पिशवी जिन्यात राहते, वास सुटतो, शेजारी कुरकुरतात. ताइचुंग शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलीने बजावलं होतं, "बाबा, साधा कचरा टाकणं जमत नसेल, तर नव्या वर्षाला मी तुम्हाला घेऊन जाणार." काकांना ते घर सोडायचं नव्हतं. नवं वर्ष सात आठवड्यांवर आलं होतं.

"मग तुम्हीच टाका ना त्यांची पिशवी," मी म्हणालो.

"तीनदा विचारलं. म्हणाले, लीछिंग, उद्या मला घास पण भरवशील. पुन्हा विचारायची माझी हिंमत नाही."

सात वाजून पाच मिनिटांनी आम्ही गल्लीत उभे होतो आणि माझा प्रोग्राम म्हणत होता, गाडी मोठ्या रस्त्यावर थांबली आहे, बारा मिनिटं. काका त्या हिशेबाने निघाले आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरले. तेवढ्यात धून वाजली, अगदी जवळ. गल्लीत वळायला जागा नाही, म्हणून गाडी रिव्हर्समध्ये चढ चढत येत होती आणि एक कामगार शिट्टी वाजवत मागे चालत होता. माझा नियम गाडीचा प्रत्येक खरा ठिपका खोटा ठरवून फेकत होता. काका खाली पोचले तेव्हा गाडी उतारावरून निघून गेली होती. उद्या बुधवार, म्हणजे गाडी नाही. काका माशाच्या काट्यांची पिशवी घेऊन पुन्हा जिना चढू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घेतो बदल," मी म्हणालो. "आजच घेतो."

"अजिबात नाही," मावशी म्हणाल्या. आता त्या मला अरे-तुरे करू लागल्या होत्या. "तू म्हणालास ते खरंच होतं, नियम काढला तर बाकी शहर बोंबलेल. दया आली म्हणून घेतलेला बदल मला नको. दुसरा लिहिते, आणि तू तो नीट फाडून बघ."

त्यांनी वही काढली. चाळीस दिवस कोपऱ्यावर उभं राहून प्रत्येक गाडीची वेळ आणि दिशा लिहिलेली. दोन आठवड्यांत बदल आला: गाडी चालत्या माणसाच्या वेगाने, सलग मागे येत असेल, तरच विश्वास ठेवायचा. सोबत चाळीस चाचण्या, प्रत्येक दिवसाची एक. मी हातचं न राखता तो फाडायला बसलो आणि चौथ्या दिवशी एक चूक सापडलीच. चढावरच्या सिग्नलला गाडी जराशी मागे घसरली, तरी प्रोग्राम फसत होता.

"बरोबर पकडलंस," मावशींनी लिहिलं. "डेपोत असतास तर तुला पाळी दिली असती." दोन दिवसांत दुरुस्ती आली. मी होकार दिला. दुसरा होकार गटातल्याच, दक्षिणेत राहणाऱ्या एका बाईने दिला, जिने जीलुंग कधी पाहिलंही नव्हतं.

पुढच्या मंगळवारी मी पुन्हा गल्लीत उभा होतो. फोनवर ठिपका मागे सरकत होता, चार मिनिटं, तीन मिनिटं. एका हाताने कठडा धरून काका शेवटच्या पायरीवर आले, तेव्हा शिट्टीवाला कोपऱ्यावर पोचत होता. त्यांच्या हातातली पिशवी जड दिसत होती. ती घ्यायला मी पुढे झालो, तशी मावशींनी माझी बाही धरली.

"थांब. ते वेळेवर आलेत."

काकांनी पिशवी आत टाकली, हात झटकले, आणि तिथेच उभं राहून खिशातला फोन काढून मुलीला लावला.

"ऐक," ते म्हणाले, आणि फोन गाडीच्या धुनेकडे धरला.